चिऱ्यावरची फणी

बायजी उठली तेव्हा चुलीतल्या राखेखाली आदल्या दिवसाचा निखारा अजून जिवंत होता. तिने काटकीने राख बाजूला सारली, वाळलेली सागाची पाने चुरून वर ठेवली आणि फुंकणीला तोंड लावले. ज्योत उभी राहिली तशी तिने पातेल्यात पाणी, गवती चहा आणि गुळाचा खडा टाकला. डालग्याखालच्या कोंबड्या सोडल्या. अंगणात रात्रभर गळालेली मोहाची फुले टोपलीत वेचली. भिजवलेले नागलीचे पीठ आंबून वर आले होते. त्याची आंबील करायला घेतली आणि ढवळता ढवळता सवयीने वळचणीकडे पाहिले. तिथे कित्येक वर्षे तिच्या म्हाताऱ्याची, काकड्याची, बांबूची शिडी टेकलेली असे. शिडीची दोन टोके जिथे टेकत तिथे कुडाच्या भिंतीला दोन गुळगुळीत खळगे पडले होते. आता नुसते खळगेच होते. शिडी काकड्याने शेजारच्या सुकऱ्याला देऊन टाकली होती.

काकड्या ओट्यावर पश्चिमेकडे तोंड करून बसला होता. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या कुशीतला हा पाडा. पश्चिमेला आधी सुकऱ्याचे घर, मग ताडाची झाडे, मग नुसते आकाश. समुद्र इथून दिसत नाही. त्याचा वाससुद्धा इथवर येत नाही.

"आज वरोरच्या होड्या लवकर परतल्या," काकड्या म्हणाला. "वारा बेस होता. एक निळी होडी हाय, तिचा झेंडा फाटलाय. कोणी शिवत नाय."

बायजीने आंबिलीची वाटी त्याच्यापुढे ठेवली. "पी आधी. होड्या कुठं पळून नाय जात."

"ठेव. वास आला. पोट भरलं."

"वासानं पोट भरत असतं तर मी चूल कशाला पेटवली असती?"

तो हसला. भांडला असता तर तिला बरे वाटले असते. सारा जन्म तो जेवणावरून भांडत आला होता. पण आताशा तो नुसता हसे, आणि ते हसू लांबून, पलीकडच्या काठावरून आल्यासारखे वाटे. सूर्य वर आला, आंबिलीवर साय धरली, आणि कोंबडीने वाटीत चोच घातली तरी त्याने हात हलवला नाही.

हे सारे सुरू झाले ते पुतळ्यापासून.

घोलवडला सावे मास्तर म्हणून एक चित्रकलेचे शिक्षक होते. डहाणूहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात ते दर बुधवारी चार चौकटींची एक चित्रकथा काढत. तिच्यात दोनच माणसे असत: खांद्यावर शिडी घेतलेला उंच, वाळका बुध्या, आणि डोक्यावर टोपली घेतलेली ठेंगणी बुधी. पहिल्या चौकटीत वाटेत भेटलेला कोणीतरी विचारी, "कुठे निघालात?" आणि दोघे एका सुरात म्हणत, "लग्नाला!" मग पुढच्या तीन चौकटींत ती दोघे भलतीकडेच पोचत. बुध्या ढगाला शिडी लावून वर चढे आणि तिथेच त्याला डुलकी लागे. बुधी खाली उभी राहून टोपलीत पाऊस भरून घेई. एकदा बुध्याने चंद्राला पिकलेला चिकू समजून उतरवला आणि बुधीने तो टोपलीत गवताखाली झाकला. साऱ्या तालुक्यात अंधार झाला. लोकांनी हाकाटी केली तेव्हा दोघांनी जाऊन तो पुन्हा होता तिथे लावला, पण थोडा तिरका. लग्न मात्र दर वेळी राहूनच जाई. मास्तर गेले, साप्ताहिकही बंद पडले, तरी कोणाचे काम रेंगाळले की डहाणूच्या बाजारात आजही म्हणतात, "बुध्या-बुधी लग्नाला निघालेत."

मास्तरांनी ही जोडी नुसत्या कल्पनेने काढली नव्हती. चिकूच्या हंगामात काकड्या आणि बायजी पाड्यावरून खाली उतरत आणि घोलवडच्या वाड्यांत राहून फळे उतरवत. तो शिडी घेऊन पुढे, ती टोपली घेऊन मागे. रोज सकाळी मास्तरांच्या घरावरून जाताना मास्तर पडवीतून विचारत, "काय काकड्या, कुठे निघालात?" आणि काकड्या न थांबता ओरडे, "लग्नाला, मास्तर!" मास्तर पोट धरून हसत. ते लग्न कोणाचे, हे त्यांनी कधी विचारले नाही आणि काकड्यानेही कधी सांगितले नाही.

लग्न त्या दोघांचेच होते, आणि ते झालेले नव्हते.

त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. त्यांच्या लोकांत आधी घर मांडतात; मांडव घालणे, गाऊन लग्न लावणाऱ्या धवलेरीला बोलावून विधी करणे, गावाला जेवू घालणे हे सवडीने होते. काहींना ती सवड लवकर मिळते, काहींना म्हातारपणी. पुष्कळ जोडप्यांची हळद त्यांच्या पोरांच्याच मांडवात लागते. काकड्या आणि बायजीला मूल झाले नाही. मांडव घालायला निमित्त आले नाही, आणि आज-उद्या करता करता केस पांढरे झाले. काकड्याने त्याची थट्टा करून टाकली. बायजीला मात्र एका गोष्टीची खंत होती, आणि ती तिने कधी कोणाला बोलून दाखवली नव्हती.

लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. मधोमध देवीचा चौकोन, वर सूर्य आणि चंद्र, आत एका बाजूला शिडी आणि एका बाजूला फणी. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि तो काढायची काडी सवाशिणीच्याच हाती देतात. जिचे स्वतःचे लग्न लागले नाही तिला त्या भिंतीला हात लावता येत नाही. साऱ्या पाड्याच्या लग्नांत बायजीने तांदूळ भिजवले, वाटले, पिठाची वाटी धरून ती सवाशिणींच्या मागे उभी राहिली. कोणती रेघ कुठून निघते आणि कुठे मिळते, हे तिला झोपेतही दिसे. पण तिच्या हातची रेघ एकाही भिंतीवर नव्हती.

या हिवाळ्यात डहाणूच्या काही जुन्या वाचकांनी मिळून समुद्रकिनाऱ्यावरच्या लहानशा बागेत बुध्या-बुधीचा पुतळा उभारला. मास्तरांची मुलगी सुषमा स्वतः जीप घेऊन पाड्यावर आली आणि दोघांना घेऊन गेली. भाषणे झाली, शाल-श्रीफळ झाले, शाळेतल्या पोरांनी "कुठे निघालात?" असे विचारले आणि साऱ्या गर्दीने "लग्नाला!" असा आवाज दिला. मग पडदा ओढला गेला. फायबरचा बुध्या, फायबरची बुधी, अंगावर ब्राँझचा रंग, नजर समुद्राकडे. त्यांच्या मागे माणसाहून उंच अशी काळ्या दगडाची पाटी उभी केली होती. मूर्तिकाराने शोभेसाठी तिच्या वरच्या टोकांना एकीकडे सूर्य आणि एकीकडे चंद्र कोरला होता. लोकांनी दोन्ही पुतळ्यांना झेंडूचे हार घातले.

काकड्याने ते सारे शांतपणे पाहिले. दगड, दगडापुढे माणसाचे रूप, माथ्यावर सूर्य-चंद्र, गळ्यात हार. त्याच्या पाड्याच्या शिवेवर, उंबराखाली, अशाच दगडांची ओळ आहे. त्यांना चिरे म्हणतात. गेलेल्या माणसाचा जीव वाऱ्यावर भटकू नये, त्याला बसायला जागा असावी, म्हणून त्याच्या नावाचा चिरा उभा करतात. जित्या माणसाचा चिरा कोणी उभा करत नाही.

काकड्या पुढे झाला, त्याने दगडावर तळवा टेकवला आणि म्हणाला, "बेस बसवलंत मला."

सारे हसले. बुध्या आहे तो, गमतीचेच बोलणार. बायजी तेवढी हसली नाही.

परत आल्यावर त्याने शिडी सुकऱ्याला दिली, कोयता पुतण्याला, दिपकला दिला, आणि ओट्यावर जाऊन बसला. दिपकने त्याला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासले, आजार काही सापडला नाही. अशक्तपणा आहे, खायला घाला, म्हणाले. पण चिऱ्यात बसलेल्या माणसाला घास दाखवायचा असतो, भरवायचा नसतो. काकड्या तेच पाळत होता. तो दुःखी नव्हता, हीच अडचण होती. माणूस रडत जाऊ लागला तर त्याला धरून ठेवता येते. हा हसत, समुद्र बघत, रोज थोडा थोडा चालला होता.

एके दिवशी दुपारी मोहाची फुले वाळत घालताना बायजीने त्याला विचारले, "तुझा चिरा झाला, तर माझा पण झाला ना? मी पण हाय तठं, टोपली घेऊन."

"हायस ना. शेजारीच हायस."

"मग मला कसा समुद्र दिसत नाय? माझ्या पायाला अजून शेणच लागतं."

काकड्या जरा चाचरत म्हणाला, "तू तठं बोलत नाय, डोकरे. मी किती बोलतो. होड्या दाखवतो. तू बघतेस, पण बोलत नाय."

बायजीचे हात फुलांवर थांबले. त्याने शब्दांत आणले नाही ते तिला कळले. लग्न न लागलेल्या दोघांना त्यांच्या पाड्यात एका चिऱ्यावर बसवत नाहीत. तो जिथे चालला होता तिथे तिला जागाच नव्हती. इकडचा संसार तेवढा झाला होता. तिकडचा व्हायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी ती दिपकच्या बायकोला, वर्षाला, बरोबर घेऊन डहाणूला गेली. वर्षाला वाटले, डोकरीला बाजार करायचा असेल. बायजी सरळ किनाऱ्यावर गेली. ओहोटी होती, ओली वाळू आकाशासारखी चकाकत होती आणि तिच्यावरून चालणारी माणसे दोन-दोन दिसत होती, एक वर चालणारे आणि एक खाली. बागेत कोणी नव्हते. हार वाळून गेले होते. बायजीने समुद्राकडे पाहिले. किनाऱ्यापासून जरा आत एक निळी होडी नांगरून पडली होती, आणि तिच्या काठीवरचा झेंडा मधोमध फाटलेला होता.

तिने वर्षाचा हात धरला.

"काय झालं, आजी?"

"काय नाय. ऊन लागलं."

ती पुतळ्याजवळ गेली. बुधी तिच्याहून तरुण होती, गालांनी भरलेली, ओठ मिटलेले. बायजीने तिच्या गालाला हात लावला. तो उन्हाने तापलेला होता, तान्ह्या पोराच्या कपाळासारखा. "बोल ना गे," ती हळूच म्हणाली. बुधी बोलली नाही.

"बायजीबाई! तुम्ही? कळवायचं ना, मी गाडी पाठवली असती."

सुषमा होती. तिचे घर मागच्याच गल्लीत होते. ती रोज येऊन पुतळ्याखालचा पालापाचोळा स्वतः झाडून काढत असे. आजही तिच्या हातात खराटा होता. तिने दोघींना कट्ट्यावर बसवले, नारळपाणी आणवले, काकड्याची चौकशी केली. बायजीने "बरा हाय" एवढेच सांगितले. भल्या मनाने केलेल्या कामाला दोष द्यायचा तिच्या स्वभावात नव्हता.

"एक विचारू?" सुषमा थोड्या वेळाने म्हणाली. "बाबांना मी लहानपणी सारखी विचारायची, हे दोघं नेमकं कोणाच्या लग्नाला निघालेत? ते म्हणायचे, मलाच माहीत नाही, काकड्याला विचार. आणि काकड्याबाबांना विचारायला मी घाबरायची. एवढी मोठी शिडी घेऊन चालायचे ना!"

बायजी हसली. तोंडात होते नव्हते तेवढे दात दिसले. "आमच्याच."

"म्हणजे?"

"आमच्याच लग्नाला. लागलंच नाय अजून."

सुषमा तिच्याकडे बघतच राहिली. मग तीही हसू लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "बाबांना हे कळायला हवं होतं," ती म्हणाली. "ते म्हणायचे, यांना लग्नाला पोचवलं तर गोष्ट संपेल, म्हणून मी पोचवत नाही. शेवटच्या आजारात म्हणाले, पोचवायला हवं होतं गं. दमली असतील बिचारी."

बायजीची नजर सुषमाच्या खांद्यावरून मागच्या काळ्या दगडाकडे गेली होती. आतापर्यंत तिने तो दगड काकड्याच्या डोळ्यांनी पाहिला होता: सूर्य, चंद्र, माणूस, हार. आता तिला तो पिठाची वाटी घेऊन मागे उभ्या राहिलेल्या बाईच्या डोळ्यांनी दिसला. वर सूर्य. वर चंद्र. आणि बुध्याच्या खांद्यावर, दगडाच्या बरोबर डाव्या अंगाला, शिडी. सूर्य-चंद्र काय, चिऱ्यावरही असतात आणि चौकातही. पण चिऱ्यावर कोणी शिडी काढत नाही. हा चौकच होता, अर्धा राहिलेला. देवीचा चौकोन नव्हता. उजवीकडची फणी नव्हती.

"सुषमाबाय," ती म्हणाली, "अठं दगडावर थोडं पीठ ओढलं तर चालंल? तांदळाचं. पावसात जातं धुऊन."

"चालेल की. पण पाऊस येईपर्यंत तरी राहील ना?"

"राहिलं नाय तरी चालतंय. चौक जायचाच असतो. काढायचा तेवढा काढायचा."

त्या संध्याकाळी बायजी काळीच्या घरी गेली. काळी पाड्याची धवलेरी. साऱ्या आसपासच्या पाड्यांची लग्ने तिने आपल्या गाण्यांनी लावली होती. ती आता इतकी म्हातारी झाली होती की गाताना मध्येच झोपे, आणि उठून जिथे थांबली तिथूनच पुढे गाई. बायजीने सांगितले ते तिने डोळे मिटून ऐकले.

"म्हंजे या वयात हळद लावायची हौस आली डोकरीला."

"हौस नाय गे. डोकरा चाललाय."

"माहीत हाय. सुकऱ्याच्या दारात शिडी बघितली तवाच कळलं मला." काळीने एक डोळा उघडला. "मांडव?"

"मांडव नाय. दगड हाय, त्याच्यावर आभाळ हाय."

"वऱ्हाड?"

"ते बी हाय," बायजी म्हणाली. "ते लई आधीच निघालंय."

काळीने दुसराही डोळा उघडला. मग ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "बेस. पण महालक्ष्मीची जत्रा भरायच्या आधी. मग मला सवड नाय."

काळी, दिपक आणि वर्षा सोडून बायजीने पाड्यात कोणाला सांगितले नाही. तिने तांदूळ भिजवले, पाट्यावर वाटले, आणि या खेपेला वाटताना तिचे मनगट दुखले नाही. हळकुंड उगाळून पानात बांधले. ठरल्या दिवशी पहाटे तिने काकड्याला धुतलेले धोतर दिले.

"कुठं न्यायचं मला? मी तठंच हाय."

"मग चल, तुलाच भेटून येऊ."

हे त्याला पटले. स्वतःला भेटायला जाण्यात त्याला काही वावगे वाटले नाही. दिपकने त्याला आधार देऊन नाक्याकडे जाणाऱ्या भाड्याच्या जीपमध्ये बसवले. नाक्यावर त्यांनी एसटी धरली. काळी खिडकीशी बसली आणि लगेच झोपली. विवळवेढ्याला महालक्ष्मीचे देऊळ आले तेव्हा ती न सांगता जागी झाली, तिने हात जोडले, ओठांतल्या ओठांत देवीला काहीतरी कबूल केले आणि पुन्हा झोपली. डोंगरावरचे धुके बसबरोबर धावत होते. काकड्या काचेला कपाळ लावून बसला होता, आणि उलट दिशेने जाणारे सारे जग त्याला फार आवडत असावे, असा त्याचा चेहरा होता.

कंडक्टरने तिकिटे फाडताना हळदीचा वास घेतला. "काय आजी, सकाळी सकाळी कुठं निघालात?"

"लग्नाला," बायजी म्हणाली.

पुढच्या बाकावरचे दोघे-तिघे मागे वळून हसले. कंडक्टरही हसला. "म्हणजे बुध्या-बुधीसारखं! मग काय पोचत नाय तुम्ही."

"बस नीट चालव म्हणावं," काळी डोळे न उघडता म्हणाली. "आज पोचायचंय."

किनाऱ्यावर सकाळचे कोवळे ऊन होते. फिरायला आलेली माणसे वाळूवरून चालली होती. कोणी बागेत डोकावून पाहिले, काहीतरी पूजा असेल असे समजून पुढे गेले. सुषमाने दगड धुऊन ठेवला होता. तिला बायजीने एका वाक्यात सांगितले, आणि ती घरी जाऊन आईची हिरवी साडी घेऊन आली. बायजीने ती घडी न मोडता नुसती खांद्यावर टाकली.

वर्षा दगडापुढे बसली. बायजी वाटी धरून मागे उभी राहिली, नेहमीसारखी. बांबूची काडी पिठात बुडे, दगडावरून फिरे, आणि रेघ आधी ओली, काळपट दिसे; मग वारा लागला की हळूहळू पांढरी होऊन वर येई, जणू ती आधीपासूनच दगडात होती. मधला चौकोन झाला. त्यात देवी उभी राहिली. मग उजव्या अंगाला वर्षाने फणीची पाठ ओढली आणि एकेक दात काढू लागली.

"शेवटचा ठेव," काळी म्हणाली.

"अपुरा ठेवू?"

"ठेव म्हणते ना, पोरी. चौकाची धनीण मी हाय का तू?"

काकड्या हे सारे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचे लांबचे हसू मावळले होते आणि तिथे लहान मुलासारखा गोंधळ आला होता. तो दगडावरच्या चौकाकडे बघे, मग शिडीकडे, मग सूर्य-चंद्राकडे.

"हे काय काढलंय माझ्या चिऱ्यावर?"

"चिरा कुठं हाय?" बायजी म्हणाली. "नीट बघ. काय हाय ते?"

तो बघत राहिला. "चौक हाय," तो अखेर म्हणाला. "लग्नाचा."

"मग?"

"कोणाचं लग्न?"

बायजीने त्याच्या गालाला हळद लावली.

काळी गाऊ लागली. तिचा आवाज फाटका होता, पण तो समुद्राच्या आवाजाखाली शिरला आणि त्याला खालून उचलून धरल्यासारखा झाला. तिने धरणीला बोलावले, आभाळाला बोलावले, डोंगरांची नावे घेतली, गेलेल्या साऱ्यांची नावे घेतली आणि त्यांना मांडवात बसायला सांगितले. मध्येच ती झोपली. सारे थांबले. लाटा तेवढ्या वाजत राहिल्या. एक बगळा येऊन बुधीच्या टोपलीवर बसला, त्याने खाली जमलेल्या माणसांकडे मान वाकडी करून पाहिले. मग काळी जागी झाली आणि जिथे थांबली होती तिथूनच पुढे गाऊ लागली. तिने दोघांचे हात एकमेकांत दिले. दिपकने आणि वर्षाने तांदूळ टाकले. सुषमाने टाकलेले तांदूळ वाऱ्याने उडाले आणि बुध्या-बुधीच्या अंगावर पडले.

काकड्याने मान वर करून पुतळ्यांकडे पाहिले. बुध्याच्या खांद्यावर, शिडीच्या पावठ्यांवर, तांदळाचे पांढरे दाणे अडकले होते.

"डोकरे," तो दबक्या आवाजात म्हणाला, "मी जर अठं हाय, तर तठं कोण उभं हाय?"

"वऱ्हाडी," बायजी म्हणाली. "आपल्या लग्नाला आलेत. लांबून आलेत बिचारे."

काकड्याने त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले, जसे वऱ्हाडाला न्याहाळतात तसे. मग त्याने हात जोडून दोघांना रामराम केला. तो वाळूकडे, होड्यांकडे बघू लागला, आणि थोड्या वेळाने त्याच्या कपाळावर आठी पडली.

"ती निळी होडी कुठं गेली?"

"मला काय माहीत? तूच सांगत होतास रोज."

"मला नाय दिसत," तो म्हणाला. तो जरा घाबरला होता. त्याने बायजीचा हात सोडला नव्हता. मग नाकाने हवा ओढून म्हणाला, "कोण भजी तळतंय काय?"

"तळतंय ना. नुसता वास घेणार का?"

"वासानं काय होतंय?" काकड्या चिडून म्हणाला. "सकाळपासून उपाशी नाचवताय मला. लग्नात जेवण नाय ठेवलं का कोणी?"

दिपक आधीच पळाला होता. वर्षा तोंडावर पदर घेऊन हसत होती की रडत होती, ते कळत नव्हते. काकड्या कट्ट्यावर बसला, आणि बसल्या बसल्या त्याला आणखी एक आठवले. "सुकऱ्याकडनं शिडी मागून आणायला पायजे," तो कोणाला तरी उद्देशून बोलला. "तो मेला चुलीत घालायचा."

काळीने वर्षाच्या हातातून काडी घेतली, पदराला पुसली आणि बायजीपुढे धरली.

बायजीने वाटी खाली ठेवली. काडी घेतली. ती किती हलकी असते, हे तिला ठाऊक नव्हते. दगडापुढे ती गुडघे टेकून बसली, काडी पिठात बुडवली, जास्तीचे पीठ वाटीच्या काठाला निपटले, आणि फणीचा शेवटचा दात ओढला. रेघ इतरांहून थोडी तिरकी गेली. तिने ती तशीच राहू दिली आणि ती वाळून पांढरी होईपर्यंत तिथेच बसून राहिली.